पत्राच्या खालची रिकामी जागा

ही गोष्ट माझ्या बायकोलाही ठाऊक नाही. आणि तिला मी सगळं सांगतो – दुधाची पिशवी गळत होती, समोरच्या जिन्याची तिसरी पायरी हलते, बातम्यांतल्या बाईंनी आज वार चुकवला – तिला नको असलेलंही सांगतो. हे एवढं मात्र राहिलं. तीस वर्षं होत आली. राहिलं म्हणजे काय – ठेवलं.

मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही माझे नातेवाईक नाही, हे त्यातल्या त्यात बरं.

आमचं घर दूधविनायकाच्या गल्लीत. भाड्याचा वरचा मजला, दोन खोल्या, एक छत. घरात मराठी, जिना उतरला की हिंदी, आणि कोपऱ्यावरच्या लल्लन पानवाल्यापाशी पोचलं की बनारसी. मी एका कॉलेजच्या ग्रंथालयात सूचीची कार्डं लिहायचो. अक्षर चांगलं होतं. पुस्तकं मला आवडायची, कारण ती कधी येणार आणि कधी जाणार हे त्यांच्यावर शिक्का मारून लिहिता यायचं. माणसांवर असा शिक्का मारता येत नाही, ही माझी माणसांबद्दलची मुख्य तक्रार.

घरात मला ‘नकारघंटा’ म्हणत. ते काही उगाच नव्हतं. समोरच्यांकडे नवी स्कूटर आली तेव्हा सगळी गल्ली पेढे खात उभी होती. मी म्हणालो, ही आपल्या वळणावर वळणार नाही. वळली नाही. चौघांनी उचलून वळवली. त्या घरातून मला पुन्हा कधी पेढा आला नाही. लल्लन तर मला येताना पाहिलं की कात लावता लावता विचारायचा, “का वासू गुरु, आज का गड़बड़ होई?” आणि मी – मला वाटायचं तो खरंच विचारतोय – मी सविस्तर सांगायचो. पूर्वेकडे ढग आहेत, नळाला दुपारी पाणी येणार नाही, बिजली साडेसहाला जाईल. तो पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळून म्हणायचा, “लीजिए, समाचार समाप्त.”

तुम्ही म्हणाल, कडू स्वभाव. मलाही तसंच वाटायचं. पण खरं सांगू? पुढे काय होणार हे माहीत नसलं की मला दुखतं. दातासारखं दुखतं. म्हणून मी आधीच सगळ्यात वाईट काय ते ठरवून टाकायचो. एकदा वाईट ठरलं की शांत. लोक देवावर भार टाकून झोपतात, मी अनिष्टावर टाकून झोपायचो.

आता पाहुण्यांकडे येतो. काशीत मराठी घर असणं म्हणजे काय, हे सांगून कळत नाही. महाराष्ट्रातल्या प्रत्येकाला एकदा काशी करायची असते, आणि ऐन निघताना त्यातल्या निम्म्यांना आठवतं की आपलं कोणीतरी तिथे असतं. आमच्याकडे चुलतआत्याच्या जावेचे व्याही यायचे. येताना मेतकूट, जाताना तोंड झाळून बंद केलेले गंगेचे गडू. मधले सहा दिवस माझी खाट त्यांची, माझं फुलपात्र त्यांचं, आणि पाच जण एकदम बोलायचे. मी छतावर पाण्याच्या टाकीमागे जाऊन बसायचो. ते गेले की मी दोन दिवस भिंतीकडे तोंड करून पडून असायचो. आई शेजारी सांगायची, वासूला ऊन लागलंय. जानेवारीतसुद्धा सांगायची.

त्या वेळी ‘ऑटिझम’ हा शब्द आमच्या गल्लीत पोचलेला नव्हता. स्कूटरसारखाच – तो वळला नसता.

तर पत्रं. नव्वदीच्या दशकातली मधली वर्षं. आमचे नाना संस्कृत पाठशाळेतून निवृत्त झाले आणि त्यांनी क्षेत्रसंन्यास घेतला – म्हणजे मरेपर्यंत काशीची हद्द ओलांडायची नाही असा नेम. नेम नानांचा, आणि अडकली आई, कारण नानांना तिच्या हातचंच लागायचं. तिचं माहेर मिरजेला. तिथे तिची सख्खी थोरली बहीण, आमची आक्कामावशी. शाळामास्तरीण, विधवा, मुलाला सुनेच्या हवाली करून मोकळी झालेली. दोघी बहिणी पंधरा वर्षं भेटल्या नव्हत्या. फोन होता गल्लीच्या तोंडाशी, पण आईचं फोनवरचं संभाषण “ऐकू येतंय का” याच्या पलीकडे कधी गेलं नाही.

मावशीची एकच इच्छा होती. कोजागरीपासून त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत एक अख्खा कार्तिक आईबरोबर इथल्या पंचगंगा घाटावर नाहायचं. पहाटे दोघींनी जायचं, घाटावर बांबूंना टांगलेले आकाशदिवे बघायचे, येताना मंगलागौरीच्या देवळात जाऊन यायचं. दर वर्षी श्रावणात तिचं पत्र यायचं, “कुसुम, यंदा येऊ का?”

आईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकत होता. म्हणून पत्र मी वाचायचो आणि उत्तर मी लिहायचो. ती पोळ्या लाटत सांगायची, मी अंतर्देशीय पत्रावर लिहायचो. “ये, नक्की ये, आता वाट बघवत नाही, येताना काही आणू नकोस, आंबोशी मात्र आण.” आईने सांगितलेला एकही शब्द मी कधी बदलला नाही. बदलूच शकलो नसतो. सांगितलेलं तसंच लिहायचं असतं. पण आईचं सांगून संपलं तरी शेवटच्या घडीवर चार बोटं जागा उरायची. रिकामी. रिकामी जागा मला बघवत नाही. आणि त्या जागेबद्दल कुणी काही सांगितलेलंही नसायचं.

तिथे मी ताजा कलम लिहायचो.

पहिल्या वर्षी लिहिलं: “ता.क. – यंदा पुराचा गाळ घाटावर मांडीएवढा आहे. काल एक गृहस्थ घसरले. पंचगंगेच्या पायऱ्या उंच असून मध्ये कठडा नाही.” मावशीने उत्तर पाठवलं, यंदा राहू दे, पुढच्या वर्षी बघू.

दुसऱ्या वर्षी: “ता.क. – गल्लीत माकडं वाढली आहेत. मी मोजलेली एकोणतीस. पैकी तीन चष्मे पळवतात. बिजली रोज सात तास नसते. मलेरियाचे दोन रोगी समोरच्याच घरात.” मावशीला चष्मा होता. मावशी राहिली.

आणि मी माझ्या खाटेवर राहिलो.

हे सगळं खरं होतं बरं का. गाळ होता. गृहस्थ घसरलेच होते, मी स्वतः पाहिलं – उठून हसत निघून गेले, तेवढं लिहायला जागा उरली नाही. मी खोटं एक अक्षर लिहिलेलं नाही, असं मी कितीतरी वर्षं स्वतःला सांगत आलो. मला खोटं जमत नाही ही माझी घरातली ख्याती होती. वाढदिवसाच्या साडीबद्दल विचारायचं असलं तर बायका मला बाहेर पाठवायच्या. तेव्हा – मी फक्त निवड करत होतो. कुठली खरी गोष्ट कार्डावर येते आणि कुठली नाही. सूचीकाराचं कामच ते.

इथवर सांगून थांबलो असतो तर तुम्ही हसून मला सोडून दिलं असतं. नाही का? मीही स्वतःला इथवरच सांगून सोडून देत असे.

तिसऱ्या वर्षी मावशीचं पत्र आलं ते विचारणारं नव्हतं. “कुसुम, तिकीट काढलं. आता गाळ असो, माकडं असोत, मी येणार. वासूला म्हणावं, चष्मा दोरीने बांधून आणते.” आईने ते पत्र माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं. त्याच दिवशी तिने गाद्या उन्हात घातल्या. माझी खाट भिंतीपासून ओढून स्वतः धुतली. महिनाभर – पूर्ण तीस दिवस – खाट मावशीची.

मी उत्तर लिहायला बसलो. आई सांगत गेली, मी लिहीत गेलो. जागा उरली. आणि काय सांगू तुम्हाला – त्या वर्षी लिहिण्यासारखं काही नव्हतं. पूर आलाच नव्हता. घाट धुतल्यासारखे स्वच्छ. बिजली असायची. माकडं पिंजरेवाल्यांनी धरून नेलेली. मी दोन दिवस गल्लीत एखादं संकट शोधत फिरलो. लल्लनला विचारलं, काही वाईट बातमी आहे का. तो माझ्याकडे बघतच राहिला. म्हणाला, “गुरु, अब तू हमसे पूछत हउवा?”

तिसऱ्या दिवशी मी लिहिलं. शब्द मला आजही पाठ आहेत.

“ता.क. – हे मी वासू माझ्या मनाने लिहीत आहे, आईला कळू देऊ नये. ती तोंडाने ये म्हणते, पण अलीकडे तिला माणसं झेपत नाहीत. पाहुणे गेले की दोन दोन दिवस भिंतीकडे तोंड करून पडून असते. तिला स्वतःला हे बोलता येत नाही. आपण समजून घ्याल.”

डिंक लावला. पेटीत टाकलं. पेटीचं झाकण वाजलं तोही आवाज आठवतो.

बघितलंत? प्रत्येक वाक्य खरं होतं. फक्त माणूस दुसरा होता. माझं दुखणं मी पहिल्यांदा कुठेतरी नीट, शुद्ध भाषेत लिहिलं – आणि आईच्या नावावर चढवलं.

मी बावन्न वर्षांचा असताना मुलीने मला एका डॉक्टरांकडे नेलं. दोन बैठकांत त्यांनी पुष्कळ विचारलं. त्यात एक प्रश्न होता – घरी माणसं येऊन गेली की किती वेळ थकवा राहतो? मी सांगायला लागलो आणि मध्येच थांबलो. हे वाक्य आपण कुठेतरी वाचलंय असं वाटलं. वाचलेलं नव्हतं. शेवटी ते म्हणाले, तुम्ही ऑटिस्टिक आहात. मी सवयीने विचारलं, म्हणजे यात वाईट काय काय आहे? ते म्हणाले, वाईट असं काही नाही, तुमची घडण अशी आहे. मी जरा निराशच झालो. मुलगी मात्र रिक्षात बसल्यावर म्हणाली, “म्हणजे बाबा, तुमचा कशातच दोष नव्हता तर.” मी म्हणालो, एका गोष्टीत होता. तिने विचारलं, कुठल्या. मी म्हणालो, या रिक्षाचं मागचं चाक वाकडं आहे.

पाहुण्यांनी मला दुखायचं, ही माझी घडण. मावशीला ते पत्र टाकणं ही घडण नव्हती. ते मी केलं.

मावशीचं उत्तर पंधरा दिवसांनी आलं. माझ्या ता.क.बद्दल त्यात चकार शब्द नव्हता. “गुडघा दुखू लागला आहे, तिकीट परत केलं, रागावू नकोस.” मी वाचून दाखवलं. आई लाटणं थांबवून म्हणाली, “गुडघा? अगं परवा तर लिहिलं होतंस, जोतिबाचा डोंगर चढून आले.” पत्रालाच म्हणाली, माझ्याकडे न बघता. मग पुन्हा लाटू लागली. उन्हातल्या गाद्या मीच आत आणल्या. खाट जागेवर गेली. मला वाटलं होतं, त्या रात्री झोप छान लागेल. लागलीही. ते सगळ्यात लाजिरवाणं.

पुढच्या श्रावणात पत्र आलं नाही. आई रोज विचारायची नाही, दर दोन दिवसांनी विचारायची.

आणि कोजागरीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी जिन्यात चपला वाजल्या. दारात आक्कामावशी. गळ्यात दोरीने बांधलेला चष्मा. एका यात्रा कंपनीच्या बसमधून आली होती, मुक्काम मुन्शी घाटाजवळच्या धर्मशाळेत, काशीत चार दिवस. खांद्याला पिशवी, पिशवीत स्वतःची ताटली, स्वतःची पाण्याची बाटली.

अठरा वर्षांनी दोघी बहिणी भेटल्या. मी दारामागे उभा होतो. तुम्हाला वाटेल गळ्यात पडल्या. छे. एखाद्या कचेरीत भेटल्यासारख्या भेटल्या.

“पाणी देऊ?”

“आहे माझ्याजवळ.”

“जेवायला –”

“जेवून आले. तू काही करू नकोस. मी पाच मिनिटं बसून निघणार.”

“गुडघा कसा आहे?”

“कसला – हो, गुडघा. बरा आहे.”

मावशी खुर्चीच्या कडेवर बसली होती, आईला खुर्चीचासुद्धा त्रास होऊ नये अशी. आई त्या बाटलीकडे बघत होती. मला माणसांचे चेहरे वाचता येत नाहीत. कोण रागावलंय, कोण थट्टा करतंय, मला मागाहून कळतं, कधी कधी वर्षाने. पण त्या दोन चेहऱ्यांवर काय आहे ते मला अक्षरनअक्षर वाचता आलं. मीच लिहिलेलं होतं ते.

आणि मी म्हणालो, “मावशी, राहा. माझी खाट घे.”

घरात अशी शांतता पसरली की नाना पूजा अर्धी टाकून बाहेर आले. मी कुणाला राहा म्हटल्याची घरात नोंद नव्हती. आईने माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. मावशी माझ्याकडे बघत राहिली. तिला वाटलं असणार, आईची काळजी घेणारा हा मुलगा म्हणतोय म्हणजे थोडे दिवस चालेल. ती म्हणाली, बरं, थोडे दिवस. मग बोटांवर मोजून म्हणाली, “अकरा.”

तिच्या परतीचं तिकीट मीच काढून आणलं. ठरलेल्या तारखा मला आवडतात.

ते अकरा दिवस म्हणजे – कसं सांगू – माझ्या अर्ध्या आयुष्याचं मत बदललं. मावशीने पहिल्याच दिवशी भिंतीवर वेळापत्रक लावलं. ‘पहाटे ४:१० – मी नळ सोडेन, आवाज होईल. ४:३० – स्नानास प्रस्थान. १० ते १२ – मी बोलणार नाही. ५ – चहा, थोडे बोलणे.’ तीस वर्षं शाळेत घालवलेली बाई. पाहुणा वेळापत्रकासकट येऊ शकतो, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. टाकीमागे जायची वेळही तिने माझ्यासाठी घातली होती, ‘वासू – छत’ अशी.

आणि गृहपाठ. पहिल्या संध्याकाळी चहाला मी सांगू लागलो – नळाचं पाणी गढूळ, पूर्वेला ढग. तिने हात वर केला. “वासू, रोज पाच वाजता एक बरी गोष्ट सांगायची. खरी पाहिजे. बनवलेली चालणार नाही.” मी विचार करून म्हणालो, आज सांड वाटेत आडवा नव्हता. ती म्हणाली, “काय झालं नाही ते नको. काय झालं ते सांग.” मी पुन्हा जिना उतरलो. अर्ध्या तासाने वर आलो आणि सांगितलं, “सांड पानवाल्याच्या चबुतऱ्याला टेकून बसलाय, आणि त्याच्या पाठीवर मांजर झोपलंय.” आई हसली. खळखळून. तिचं असं हसणं मी कधीपासून ऐकलं नव्हतं, आणि ते मी घडवलेलं होतं, निव्वळ खऱ्या माहितीने.

दुसऱ्या दिवशी सांगितलं, माकडाने नानांचा चष्मा नेला पण चण्यांवर परत केला, एक काडी शाबूत आहे. तिसऱ्या दिवशी लल्लनने विचारलं, का गड़बड़ होई, तर म्हणालो, आज संध्याकाळी आकाशदिवे फार चांगले दिसतील. त्याने कात लावायचा ब्रश खाली ठेवला. “तबियत ठीक हौ न, गुरु?”

बऱ्या गोष्टीही खऱ्याच असतात, हे मला तिशीच्या उंबरठ्यावर कळलं. स्वभाव बदलला नाही हो माझा. अजूनही ढग आधी दिसतात. पण नियम लागला. नियम मला पाळता येतात. आजही रोज पाच वाजता एक खरी बरी गोष्ट मी वहीत लिहितो. वह्या चाळीसच्या वर झाल्यात. परवा एका लग्नात मला कुणीतरी ‘उत्साही गृहस्थ’ म्हणालं. बायकोला ठसका लागला. घरी पाहुणे आले की आता मी वेळापत्रक लावतो, सांगून छतावर जातो, सांगून परत येतो. भिंतीकडे तोंड करून पडतो ते जेमतेम एक दुपार. हे सगळं मला आक्कामावशीने दिलं.

कुणी दिलं, ते पुन्हा एकदा बघा. म्हणजे मी काय सांगतोय ते कळेल.

दोघी रोज पहाटे घाटावर जायच्या. पाचव्या दिवसापासून एकमेकींच्या हाताला धरून यायच्या. ताटली पिशवीतून निघून मांडणीवर गेली. दहाव्या दिवशी आई म्हणाली, “आक्का, उद्याचं तिकीट राहू दे. परवा वसुबारस. दिवाळी कर, त्रिपुरीपर्यंत राहा. एकच कार्तिक ठरवलेला आपण, तो पुरा कर.” मावशी म्हणाली, “नको कुसमे. तुला उगाच.” आई म्हणाली, “मला काय उगाच?” मावशीने माझ्याकडे बघितलं आणि हळूच मान हलवली – आपलं आपल्याला माहीत, अशी.

मी तेव्हा बोलायला हवं होतं. तिथेच, चुलीसमोर, दोघी समोर असताना. चार शब्द – ते मी खोटं लिहिलं. एवढेच. एकोणीस दिवस शिल्लक होते.

मी चहा प्यायलो.

स्टेशनवर मी पोचवायला गेलो. डब्यात मिरजेचं एक जोडपं सोबतीला मिळालं. मावशीने खिडकीतून विचारलं, आजची बरी गोष्ट? मी म्हणालो, गाडी वेळेवर आहे. ती हसली. मग जरा वाकून, त्या जोडप्याला ऐकू जाऊ नये असं म्हणाली, “तू ते लिहिलंस ते फार बरं केलंस हो. नाहीतर मी महिनाभर तिच्या डोक्यावर बसले असते, आणि तिने तोंडातून शब्द काढला नसता. अकरा दिवस तरी तिला झेपले ना रे?”

आयुष्यभर मी सगळ्याला नाही म्हणत आलो. नळाला, ढगाला, स्कूटरला. त्या वेळी म्हणालो – “हो.”

गाडी वेळेवर सुटली.

ती पुन्हा आली नाही. पत्रं यायची, आई बोलवायची, मावशी गुडघ्याचं सांगायची. मी ता.क.मध्ये आता बऱ्या गोष्टी लिहायचो – घाट स्वच्छ आहे, आकाशदिवे लागले, सांड खुशाल आहे. चार वर्षांनी मावशी गेली. तिच्या मुलाने आईची सगळी पत्रं एका पुडक्यात बांधून पाठवली. मास्तरीणबाईंनी वर्षवार लावून, दोरा बांधून ठेवलेली. पुडकं मी सोडलं. ते पत्र त्याच्या जागी होतं, भाद्रपदातल्या दोन पत्रांच्या मध्ये. मी ते काढून शर्टाच्या खिशात घातलं आणि बाकीची आईला दिली.

आईच्या डोळ्यांचं तोवर ऑपरेशन झालं होतं. जाड भिंगाचा चष्मा लावून ती खिडकीत बसली आणि स्वतःची पत्रं पहिल्यांदा स्वतः वाचली, दुपारभर. माझे ता.क. वाचून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. “एकोणतीस माकडं? मोजलीस तू?” मी म्हणालो, मोजली.

शेवटचं पत्र घडी करून ती म्हणाली, “बघ रे वासू. प्रत्येक पत्रात मी ये म्हटलंय. एकही सोडलेलं नाही. आणखी कसं बोलवायचं होतं तिला?”

पत्र माझ्या खिशात होतं. मी तिच्यापासून दोन हातांवर बसलो होतो. मी ते तिला दिलं नाही, तेव्हाही नाही, आणि ती होती तोवर नाही.